पाच छेद वीस

पिंपळगाव बसवंतच्या मुलांनी तिरप्या रेघेने जोडलेले दोन आकडे गणिताच्या पुस्तकाआधीच पाहिलेले असतात. सातबारा उतारा घरोघरी असतो, कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, आधार कार्डांच्या गठ्ठ्याबरोबर. तो ७/१२ असा लिहितात. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाच्या नावावर, नमुना बारा म्हणजे तिच्यात पीक कोणतं. दोन नमुने एका कागदावर आले म्हणून मध्ये रेघ, एवढाच तिचा अर्थ. त्याच उताऱ्यावर गट नंबर असतो, कुणाचा २१२/१, कुणाचा ४५/२. मग पाचवीच्या वर्गात फळ्यावर मी ३/४ लिहिते तेव्हा मुलांना तिथेही दोन आकडेच दिसतात. हे दोन मिळून एकच संख्या होते, तीही शून्य आणि एकच्या मधली, हे त्यांनी का मानावं? एकदा एका मुलाने घरचा उतारा हातात धरून ‘सात छेद बारा’ असं मोठ्याने वाचलं आणि वर्ग हसला. मला त्याचं वाचन वावगं वाटलं नाही. रेघ तीच होती.

मी इथे पाचवी-सहावीला गणित शिकवते. शाळेच्या तिन्ही बाजूंनी द्राक्षबागा आहेत, चौथ्या बाजूला रस्ता, आणि तो पुढे मुंबई-आग्रा महामार्गाला लागतो. ऑक्टोबर छाटणीला सुरगाणा, पेठ भागातून मजूर कुटुंबं येतात आणि द्राक्षाचा हंगाम संपेपर्यंत राहतात. त्यांची मुलं मधूनच वर्गात बसतात. कुणाचा अपूर्णांकाचा धडा गावाकडे झालेला असतो, कुणाचा अर्धवट राहिलेला, कुणाचा सुरूच व्हायचा असतो. त्यामुळे हा धडा मी दरवर्षी एकदा शिकवून संपवू शकत नाही. जून ते एप्रिल तो कुठल्या ना कुठल्या बाकावर चालूच असतो, आणि पुन्हा पुन्हा शिकवल्यामुळेच त्यातल्या गाठी मला कळत गेल्या.

रेघेच्या वर अंश, रेघेच्या खाली छेद. हे वाक्य प्रत्येक मुलाला पाठ असतं. ‘३/४ मधला छेद कोणता?’ असं विचारलं की ‘चार’ असं उत्तर एका सुरात येतं आणि चाचणीत पूर्ण गुण मिळतात. माझ्या मते हा प्रश्न चाचण्यांमधून काढून टाकावा. त्यातून फक्त मुलाला वर-खाली कळतं एवढंच सिद्ध होतं. त्याऐवजी मी विचारते, ‘चार म्हणजे चार काय?’ वर्ग गप्प होतो. मग कुणीतरी म्हणतं, ‘चार भाग.’ ‘कशाचे?’ पुन्हा शांतता. ‘सारखे की लहान-मोठे?’ आता मात्र सगळे एकमेकांकडे पाहतात.

दोन्ही आकडे शेजारी असले तरी त्यांचं काम एक नाही. खालचा आकडा तुकडा केवढा ते सांगतो, वरचा असे तुकडे किती घेतले ते सांगतो. खालचा तुकड्याचं नाव ठेवतो, वरचा मोजतो. म्हणूनच ३/४ आणि २/४ मिळवताना वरचे आकडे मिळवायचे आणि खालचा तसाच ठेवायचा. तीन जाळ्या टोमॅटो आणि दोन जाळ्या टोमॅटो मिळून पाच जाळ्या होतात, तेव्हा ‘जाळी’ या शब्दात ‘जाळी’ कुणी मिळवत नाही. बाजार समितीत वडिलांबरोबर गेलेल्या मुलाला हे सांगावंही लागत नाही. पण या दोघांशिवाय तिसरी एक गोष्ट असते आणि ती कागदावर कुठेच लिहिलेली नसते. ती म्हणजे ‘कशाचा?’ पाऊण, पण कशाचा पाऊण? अंश आणि छेद मुलांना दिसतात तरी. हा तिसरा दिसतच नाही आणि माझ्या वर्गातल्या बहुतेक चुका त्याच्यापाशी येऊन थांबतात.

पॅकहाउसमधून मी रिकामी पनेटं, म्हणजे द्राक्षं भरायचे छोटे डबे, आणि एक पुठ्ठ्याची पेटी आणून ठेवली आहे. निर्यातीच्या द्राक्षाला अर्धा किलोची पनेटं लागतात, पाच किलोच्या पेटीत दहा बसतात. एक पनेट हातात धरून मी विचारते, ‘हे किती?’ अर्धा वर्ग ‘अर्धा’ म्हणतो, अर्धा वर्ग ‘दहावा भाग’ म्हणतो आणि भांडण सुरू होतं. मी मध्ये पडत नाही. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतंच, ‘मॅडम, किलोचा म्हटलं तर अर्धा, पेटीचा म्हटलं तर दहावा.’ त्या एका वाक्यासाठी मी अख्खी तासिका खर्च करायला तयार असते. पनेट तेच, द्राक्षं तीच, आणि संख्या १/२ सुद्धा खरी, १/१० सुद्धा खरी. टोमॅटोची जाळी वीस किलोची. तिच्यातले पाच किलो म्हणजे ५/२०, म्हणजेच १/४. सममूल्य अपूर्णांकाची व्याख्या लिहून देण्याआधी मुलं ‘पाव जाळी’ म्हणून मोकळी होतात.

१/३ मोठा की १/४, या प्रश्नाला मुलं बेधडक १/४ म्हणतात, कारण चार तीनापेक्षा मोठे. यावर उपाय म्हणून वर्तुळाचे रंगीत तुकडे दाखवायची पद्धत आहे. ती वाईट नाही, पण मुलं चित्र पाहून उत्तर देतात आणि चित्र काढून घेतलं की पुन्हा चारावर जातात. त्यापेक्षा मी वाटणी काढते. एक मळा तीन भावांत वाटला आणि तसाच दुसरा मळा चार भावांत वाटला, तर कोणत्या घरच्या भावाला जास्त? हसत हसत बरोबर उत्तर येतं. भाऊ वाढला की वाटा घटतो, हे इथल्या मुलाला दुसरीतच माहीत असतं.

मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथे के. सुब्रमणियम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपूर्णांक कसे शिकवावेत यावर बरंच काम केलं आहे. त्यांचा भर या वाटणीच्या अर्थावर आहे. एका भाकरीचे चार भाग करून त्यातले तीन उचलले, हा ३/४ चा एक अर्थ झाला. तीन भाकरी चार जणांत सारख्या वाटल्या तर एकाला मिळते तीही ३/४ भाकरी. दुसऱ्या अर्थात वरचा आकडा भाकरींचा आणि खालचा माणसांचा, म्हणजे दोन्ही आकडे हाताला लागतात. पेठकडून आलेली एक मुलगी नागलीच्या भाकरीचं गणित करत होती. तिने तीनही भाकरींचे चार-चार तुकडे केले नाहीत. दोन भाकरी अर्ध्या-अर्ध्या करून चौघांना अर्धी दिली आणि उरलेल्या तिसरीचे चार तुकडे करून एकेक वाढला. अर्धी आणि पाव मिळून पाऊण. पुस्तकात १/२ + १/४ यायला अजून बरीच पानं होती. तिने ते ताट वाढतानाच करून टाकलं. एकाही तुकड्याचा चुरा न करता कसं वाटावं हे घरात जेवण वाढणाऱ्या मुलीला चांगलं ठाऊक असतं.

शाळेशेजारच्या मळ्यातल्या एका आजोबांना मी मधूनमधून वर्गात बोलावते. त्यांना अंश-छेद हे शब्द माहीत नाहीत. लहानपणी त्यांच्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करून घेतली होती. औट म्हणजे साडेतीन. मुलं त्यांना आकडा देतात आणि ते कागद न घेता उत्तर देतात. सतराची पाऊण? पावणेतेरा. मुलं वहीत १७ गुणिले ३ छेद ४ मांडून ५१/४ पर्यंत येईतो आजोबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवलेला असतो. मग एका मुलाने विचारलं, सतराचा तिसरा हिस्सा किती? आजोबा थांबले आणि म्हणाले, ‘ते वाटणीचं काम, तलाठ्याला विचार.’

वर्ग खो खो हसला. मला मात्र त्यात एक गोष्ट नव्याने दिसली. जुन्या बाजाराचे छेद दोन, चार, आठ, सोळा असेच आहेत. तराजूच्या दोन पारड्यांत माल सारखा करत गेलं की अर्धा, पाव, अदपाव मिळत जातो, वजनाचीही गरज नाही. शेराचे सोळा छटाक, रुपयाचे सोळा आणे. तराजूवर तिसरा भाग करता येत नाही, म्हणून त्याचा पाढाही नाही. तीन, पाच, सहा, सात हे छेद घरातून येतात, माणसं मोजून. बाजारात छेद ठरवतं पारडं आणि घरात ठरवतो वारसांचा आकडा. मराठीत पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांना सुटसुटीत शब्द आहेत आणि दोन पंचमांशाला नाही, त्याचं कारण बहुधा हेच असावं. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि आण्याचा हिशेब संपला, पण इथे अजून ‘पिकाला चार आणेच राहिले’ असं म्हणतात. चार आण्याचं नाणं म्हणजे पंचवीस पैसे. ते २०११ मध्ये चलनातून गेलं. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने ते वापरलेलं नाही, तरी सगळ्यांना चार आणे म्हणजे पाव हे कळतं. नाणं गेलं, छेद राहिला.

आता ज्या मुलामुळे या लेखाचं नाव असं ठेवलं त्याच्याकडे येते. समच्छेद अपूर्णांकांची बेरीज चालू होती. फळ्यावर ३/१० + २/१०. मुलं भराभर ५/१० लिहीत होती. सुरगाण्याकडच्या एका मुलाने, ज्याची आई पॅकहाउसमध्ये द्राक्षाची निवड करायला जाते, वहीत ५/२० लिहिलं. शेजारच्याने लगेच ओरडून सांगितलं, ‘मॅडम, याने खालचेपण मिळवले.’ ही चूक जगभरातल्या गणिताच्या शिक्षकांच्या ओळखीची आहे. नियम पुन्हा सांगून पुढे जाता येतं. पण तो मुलगा खाली मान घालणाऱ्यातला नव्हता. म्हणाला, ‘मॅडम, दोन पेट्या. एकीतली तीन पनेटं काढली, मणी तडकलेले होते. दुसरीतली दोन काढली. किती पनेटं होती? वीस. किती काढली? पाच. पाच छेद वीस.’

आणि त्याचं काहीही चुकलं नव्हतं. दोन पेट्यांच्या वीस पनेटांतली पाच बाद झाली, हे वाक्य खरं आहे. पॅकहाउसची सुपरवायझर असंच सांगेल, आणि पुढे पंचवीस टक्के माल बाद असं लिहीलही. मग ५/१० बरोबर म्हणणारी बाकीची मुलं चुकली का? वर्गात दोन तट पडले. मी फळ्यावर दोन्ही उत्तरं लिहिली आणि त्यांच्यापुढे जागा सोडली. ‘इथे कशाचे ते लिहा.’ बराच वेळ गेला. मग एका मुलीने ५/२० च्या पुढे ‘दोन पेट्यांचे’ लिहिलं आणि ५/१० च्या पुढे ‘एका पेटीचे’. पाच पनेटं म्हणजे अडीच किलो. अडीच किलो म्हणजे एका पेटीचा अर्धा, दोन पेट्यांचा पाव. दोन्ही बाजू बरोबर होत्या आणि बोलत होत्या वेगवेगळ्या गोष्टींबद्दल.

राहिला प्रश्न बेरजेच्या चिन्हाचा. अधिक लिहिलं की दोन्ही बाजूंचा ‘कशाचा’ एकच धरायचा आणि उत्तरही त्याचंच द्यायचं, हा करार आहे. तो करार पुस्तकात कुठे ठळक अक्षरात छापलेला मला आढळला नाही. मुलांनी तो न सांगता ओळखावा अशी अपेक्षा असते. या मुलाने ओळखला नाही, कारण त्याच्या डोळ्यांपुढे खऱ्या पेट्या होत्या. ज्यांनी ५/१० लिहिलं त्यांच्यातल्या कितीजणांच्या डोळ्यांपुढे काही होतं, कोण जाणे. त्या दिवशी आम्ही आणखी एक गोष्ट पाहिली. त्याचं उत्तर, पाव, हे ३/१० पेक्षा लहान आहे. मिळवल्यावर आधीपेक्षा कमी कसं झालं? तोच म्हणाला, ‘मी मिळवलं नाही मॅडम, मी दोन्ही मिळून कसं पडतं ते सांगितलं.’ सरासरीचा धडा सातवीत आहे. मी त्याचं नाव काढलं नाही.

खालचे-वरचे दोन्ही मिळवणारी मुलं सर्वत्र आहेत. अमेरिकेत १९७८ च्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ चं अंदाजे उत्तर विचारलं होतं. पर्याय होते १, २, १९ आणि २१. शंभरातल्या २४ मुलांनी २ निवडलं. निम्म्याहून अधिक मुलांनी १९ किंवा २१ निवडलं, म्हणजे वरचे मिळवले किंवा खालचे मिळवले. बारा तेरांश म्हणजे जवळजवळ एक, सात अष्टमांश म्हणजे जवळजवळ एक, एक आणि एक दोन, हे त्यांना सुचलं नाही. त्यांनी अपूर्णांक पाहिलेच नाहीत, चार आकडे पाहिले. आमच्या वर्गात मी आता बेरीज करण्याआधी ‘एकापेक्षा जास्त येईल की कमी?’ एवढंच विचारते आणि पैज लावायला लावते. पैज चिंचेच्या गोळ्यांची असते. तेवढी शिस्त मोडली तर चालते.

शेतीच्या कागदांत हा न लिहिलेला ‘कशाचा’ जागोजागी बसलेला आहे. गावात एकर आणि गुंठे बोलतात, चाळीस गुंठ्यांचा एकर. उताऱ्यावर हेक्टर आणि आर लिहितात, शंभर आरचा हेक्टर. गुंठा आणि आर जवळजवळ सारखेच, त्यामुळे एक एकर उताऱ्यावर ०.४० असा येतो. बोलण्यात ‘पूर्ण एक’ आणि कागदावर ‘शून्य पूर्णांक चाळीस’. वीस गुंठेवाल्याचा मुलगा आपल्याकडे अर्धा आहे म्हणतो, आणि कागद म्हणतो ०.२०, पाचवा भाग. दोघेही बरोबर. दशांश अपूर्णांक शिकवताना मी मुलांना घरचा उतारा बघून यायला सांगते. नावं झाकून फक्त क्षेत्राचा रकाना वहीत उतरवायचा. कुणाची जमीन किती हे वर्गात सांगायचं नाही, हा नियम मी मुद्दाम घातला आहे. मजुरांच्या मुलांना मी शाळेच्या आवाराचं क्षेत्र देते.

पैसेवारी त्याहून अवघड. पीक किती आलं हे आपल्याकडे वर्षानुवर्षं पैशांत सांगत आले. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाईच्या सवलतींचा विचार व्हायचा. पूर्वी हीच आणेवारी होती आणि तिचा छेद सोळा होता. पेपरात ‘गावाची पैसेवारी ४८’ असं आलं की मुलं म्हणतात, म्हणजे ४८/१००. शंभर कशाचे? प्रमाण म्हणून जे उत्पन्न धरलं त्याचे. ते प्रमाण बदललं की शेतात एक दाणाही न हलता पैसेवारी बदलते. अंशासाठी ठराविक आकाराच्या तुकड्यातलं पीक कापून, झोडून, तोलून पाहतात. छेद मात्र कागदावर ठरतो. हे मी सहावीच्या वर्गात एवढंच सांगते आणि थांबते. पुढचं राजकारण त्यांना घरी ऐकायला मिळतंच.

सहावीत अपूर्णांकांचा गुणाकार येतो. इथे मला भास्कराचार्य सापडले. त्यांची लीलावती ११५० च्या सुमाराची, आणि त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आमच्या शेजारच्याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. लीलावतीत अपूर्णांकाच्या अपूर्णांकाला प्रभाग म्हणतात आणि त्यासाठी एका कंजुषाचं गणित दिलं आहे. याचकाला त्याने दान काय दिलं? द्रम्माच्या अर्ध्याचा दोन तृतीयांश, त्याचा तीन चतुर्थांश, त्याचा पाचवा भाग, त्याचा सोळावा, आणि त्याचा चौथा. ऐकताना केवढी मोठी देणगी वाटते. मुलं वहीत अंश अंशांना आणि छेद छेदांना गुणून ६/७६८० वर येतात, सहाने भागतात आणि १/१२८० मिळतो. त्या काळी एका द्रम्माच्या कवड्या होत्या १२८०. म्हणजे कंजुषाने दिली एक कवडी. वर्गाला हे गणित इतकं आवडतं की पुढचे दोन दिवस डबा खाताना ‘तुझ्या लाडवाच्या अर्ध्याचा पाचवा भाग दे’ असं चालतं. भास्कराचार्य वरचा आकडा वर आणि खालचा खाली लिहायचे, पण मध्ये रेघ नसायची. रेघ दुसरीकडची. त्याच बाराव्या शतकातल्या अल-हस्सार या अरब गणितीच्या लेखनात ती दिसते. रेघ नव्हती तरी हिशेब अडला नव्हता, हे मुलांना सांगायला मला आवडतं.

कंजुषाच्या गणितानंतर मी वाटणीची गणितं घालते, कारण ‘चा’ म्हणजे गुणाकार हे त्यांत आपोआप दिसतं. आजोबांची जमीन तीन मुलांत, मधल्याची पुढे दोन मुलांत. तर मधल्याच्या एका मुलाला किती? १/३ चा १/२, म्हणजे १/६. मुलं हे पटकन करतात. एके वर्षी असंच गणित होतं. आजोबांना दोन मुलगे आणि एक मुलगी, धाकट्या मुलाची दोन मुलं, त्यातल्या एकाचा हिस्सा काढा. बहुतेकांनी १/४ लिहिलं. दोन भाऊ म्हणून छेद दोन, पुन्हा दोन मुलं म्हणून दोन. थोड्यांनी १/६ लिहिलं. पहिल्या बाकावरची एक मुलगी काहीच न लिहिता बसली होती. जवळ गेले तर म्हणाली, ‘मॅडम, आत्या धरायची का?’

हिंदू वारसा कायद्यानुसार महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. कायद्याने छेद तीन. पण घरोघरी काय होतं हे त्या मुलीला माझ्याइतकंच माहीत होतं. आत्या येते, तिला साडी-चोळी होते, आणि निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर तिची सही होते. छेद तिनाचा दोन होतो. अंश-छेदाच्या माझ्या शिकवण्यात छेद नेहमी दिलेला असायचा, कुणीतरी आधीच मोजून ठेवलेला. इथे तो मोजायचा होता, आणि कुणाला मोजायचं यावरून वाद होता. मी वर्गाला प्रश्न मोठ्याने सांगितला. मुलगे म्हणाले, आत्या कशाला, तिचं तिकडे आहे. दोन-तीन मुली म्हणाल्या, मग आमचंही तिकडेच का? मी कायदा सांगितला, हक्कसोड म्हणजे काय ते सांगितलं, आणि स्वतःच्या इच्छेने दिलं तर तेही कायदेशीर आहे हेही सांगितलं. ‘स्वतःच्या इच्छेने म्हणजे?’ असं एकाने विचारलं. तासिका संपली होती.

चाचणीत मी तेच गणित आकडे बदलून घातलं. दोन मुलगे, एक मुलगी, धाकट्याला तीन मुलं. त्या मुलीने दोन उत्तरं लिहिली. एकीकडे ‘आत्या धरून १/९’, दुसरीकडे ‘हक्कसोड झालं असेल तर १/६’, आणि दोन्हींच्या खाली मांडणी. पूर्ण गुण दिले. पुढच्या वर्षांत तिला शिष्यवृत्ती परीक्षेला बसायचं आहे. तिथे दिलेल्या पर्यायांतून निवडून गोल काळा करायचा असतो, कंसात काही लिहायला जागा नसते. म्हणून तिला सांगून ठेवलं आहे की आधी प्रश्न नीट वाच, त्यात आत्या आहे का ते बघ, असेल तर धर आणि मगच छेद लिही.